डाव्या हाताला सहा बोटं

नळाचा दिवस होता, म्हणून दगडाबाई सकाळपासून कुणाशी धड बोलत नव्हती. गारखेड्यात पाणी आठव्या दिवशी येतं, अन् येतं तेही आपल्या मर्जीनं. ड्रम घासून, हंडे ओळीनं मांडून ती मागच्या दारात बसली होती. तिथं बद्रीनाथ आला.

"आत्या, जरा हॉलमध्ये ये. फहमिदाबाई आल्यात. एका कागदावर अंगठा द्यायचाय."

"अंगठा तुझ्या सासूचा घे," ती म्हणाली. "मला सही येती."

"बरं, सही. दोन मिनिटांचं काम हाय."

"दोन मिनिटात तोटीला पाणी आलं तर तू भरणार हायेस का? बादली कोणत्या हातानं उचलत्यात ते तरी ठाऊक हाय का तुला?"

बद्रीनाथ हसला. पन्नाशी ओलांडलेला, पोट सुटलेला, एका शिक्षणसंस्थेचा अध्यक्ष असलेला माणूस. पण आत्यापुढं अजून सहा वर्षांचा. सहा वर्षांचा असतानाच त्याची आई गेली, अन् तिथून पुढं त्याचं नाक पुसायचं काम दगडाबाईनंच केलं. ती तेव्हा विधवा होऊन भावाच्या घरी आलेली होती. भाऊ कलेक्टर झाला, मुंबईला सचिव झाला, रिटायर झाल्यावर पूर्वेकडच्या एका डोंगरी राज्याचा राज्यपाल झाला. पण ताटात काय वाढायचं ते सगळीकडं हिनंच ठरवलं. राजभवनातल्या खानसाम्याला तिनं पिठलं शिकवलं. त्यात साखर घातली म्हणून त्याला चौघांदेखत झापलं, अन् तो बिचारा मराठी येत नसताना सगळं समजला.

भाऊ गेल्या श्रावणात गेला. शासकीय इतमाम झाला, तिरंगा पांघरला, बंदुका वाजल्या. शेजारच्या गच्चीवरची कबुतरं उडाली. दगडाबाई खुर्चीवर बसून होती. रडली नाही. बाया आपसात कुजबुजल्या, म्हातारीला धक्का बसलाय. धक्काबिक्का काही नव्हता. कणगी रिकामी झाल्यावर आत हात घातला की बोटांना नुसता तळ लागतो, तसं झालं होतं. तेराव्याला तिनं दोनशे माणसांचा स्वयंपाक करून घेतला, भाजीत मीठ कमी पडलं म्हणून आचाऱ्याला बोलली, अन् दुसऱ्या दिवशी तुरीची डाळ निवडायला बसली. तेव्हापासून ते तसंच होतं.

हॉलमध्ये अकरा ट्रंका होत्या. सगळा भाऊ त्यात होता. सर्व्हिस बुकं, नेमणुकीचे हुकूम, भाषणं, निमंत्रणं, राष्ट्रपतींच्या सहीचं पत्र. बद्रीनाथनं हे सगळं सरकारी दप्तरखान्याला द्यायचा करार केला होता. बदल्यात साहेबांच्या जयंतीला त्यांच्या नावाचं एक दालन उघडणार होतं, भिंतीवर जन्मापासून शेवटापर्यंतची नोंद लागणार होती. ती यादी करायला दप्तरखान्यानं फहमिदाला पाठवलं होतं. उर्दू, मोडी दोन्ही वाचता येणारी तिथं ती एकटीच होती. चाळिशीची, चष्मा लावणारी, पुंडलिकनगरहून स्कूटीवर यायची. दोन महिने रोज यायची, पण चहाचा कप स्वतः धुऊन ठेवायची. म्हणून दगडाबाईला ती चालायची.

तिच्या कामाची रीत दगडाबाईनं बघून ठेवली होती. एकेक कागद उचलायचा, वाचायचा, मागच्या बाजूला शिक्का मारायचा, त्यात नंबर घालायचा, अन् तोच नंबर लांब वहीत लिहायचा. एकदा जेवणाचा डबा खाताना तिनं सांगितलं होतं, "आजी, नंबर नसेल तर कागद घराबाहेर जात नाही. अन् नंबर पडला की परत घराला मिळत नाही. मग तो सरकारचा."

"माणसासारखंच की," दगडाबाई म्हणाली होती. "पोरगी दिल्यासारखं."

आज फहमिदापुढं टेबलावर एक झेरॉक्स होती. पिवळट पान, त्यावर मुंग्या चालल्यासारखी अक्षरं.

"आजी, बसा. हे वैजापूरहून आणलंय. साहेबांच्या गावच्या शाळेचं निजामाच्या वेळचं दाखलरजिस्टर. दालनात पहिला कागद हाच लागणार." तिनं बोट ठेवलं. "इथं लिहिलंय, पुंजाराम वलद कचरू, म्हणजे कचरूचा मुलगा. पैदाइश सन फसली तेराशे पन्नास. म्हणजे आपलं एकोणीसशे एक्केचाळीस. साहेबांच्या सर्व्हिस बुकाशी बरोबर जुळतं."

"मग झालं की."

"एकच अडतंय." फहमिदानं चष्मा वर केला. "शेवटच्या रकान्यात ओळखीची खूण लिहिलीय. बाएँ हाथ में छे उंगलियाँ. डाव्या हाताला सहा बोटं. अन् सर्व्हिस बुकात खूण आहे डाव्या गालावर तीळ. साहेबांचे चारशे फोटो मी नोंदवलेत आजी. दोन्ही हातांना पाच-पाचच बोटं आहेत."

दगडाबाई त्या पानाकडं बघत राहिली. तिला त्यातलं एक अक्षर कळत नव्हतं. पण फहमिदाचं बोट जिथं होतं तिथून तिची नजर हलेना.

"सहा म्हणून लिवलंय?"

"हो. साफ लिहिलंय."

"कमरोद्दीन मास्तरनं लिवलं असंल," दगडाबाई म्हणाली. "त्याला सगळं लिवायची खोड होती."

बद्रीनाथ पुढं सरकला. "आत्या, मी मजकूर तयार केलाय. फहमिदाबाईंच्या साहेबांना एक खुलासा पाहिजे, घरातल्या जुन्या माणसाचा. तूच एक उरलीस. ऐक. 'माझे बंधू पुंजाराम यांना जन्मतः डाव्या हातास सहावे बोट होते. ते बालपणीच वैद्याकडून काढण्यात आले. हे मी स्वतः पाहिले आहे.' बस. खाली तुझी सही."

"कोणत्या वैद्यानं काढलं?"

"आता कोणता का असेना. मेला असंल तो."

"मी बघितलं म्हणतोस?"

"आत्या, तसं लिहावं लागतं."

मागच्या दाराकडं तोटी सुकीच होती. तिनं कान देऊन बघितलं. मग साडीचा पदर मांडीवर नीट केला.

सहा बोटांचा पुंजाराम होता. तो तिच्या पाठचा. तिच्या आधीच्या दोघी बहिणी वर्षाच्या आत गेल्या, म्हणून हिचं नाव दगडी ठेवलं अन् ही जगली. पुंजा तीन वर्षांनी झाला. करंगळीच्या बाजूला एक बारीक, वाकडं बोट. तिच्या कडेवर बसला की त्या बोटानं तो तिच्या वेणीशी चाळा करायचा. शाळेत जायला लागला तेव्हा संध्याकाळी चुलीपुढच्या राखेत तिला अक्षरं काढून दाखवायचा, अन् त्याच बोटानं. म्हणायचा, "हे बोट रिकामंच असतं, हे तुला." आठ महिने शाळा झाली. द झालं, ग झालं, डा झालं.

मग रझाकारांची धामधूम सुरू झाली अन् गाव रात्रीतून निजामाच्या हद्दीपलीकडं गेलं. येवल्याच्या बाजूला उघड्या रानात छावणी होती. तिथं पटकी आली. पुंजा एका दुपारी गेला. बापानं त्याला धोतराच्या फडक्यात गुंडाळलं, बाभळीखाली पुरलं अन् परत येऊन सांगितलं, उद्या रांगेत जवारी मिळणार हाय, भांडं घासून ठेवा. आईनं भांडं घासलं. नोंद कुणी केली नाही. कुणी करायची? गाव तिथलं नव्हतं, राज्य तिथलं नव्हतं.

पोलीस ॲक्शन झालं, लोक परतले. पुढच्या वर्षी शाळा उघडली. नवं सरकार, नवा हुकूम. जुनं रजिस्टर पुढं चालवायचं, कोण आलं कोण नाही ते बघायचं. कमरोद्दीन मास्तर दोन महिने गाव सोडून राहिले होते, तेही परत आले होते. पूर्वी मारुतीच्या पारावर मोठ्यानं बोलायचे, आता कुणाकडं मान वर करून बघत नव्हते. बाप धाकट्याला घेऊन गेला होता नाव घालायला. पाच वर्षांचा, सांडू त्याचं नाव. दगडी मागं उभी होती.

मास्तरांनी जुनी नावं पुकारायला घेतली. "पुंजाराम वलद कचरू."

पोरं मागं वळून बघायला लागली. पुंजा मेला, हे बापानं तोवर तोंडानं एकदाही म्हटलं नव्हतं. आईपुढंही नाही.

"पुंजाराम वलद कचरू?"

बापानं सांडूचा हात धरून वर केला. "हाजिर," म्हणाला.

मास्तरांनी त्या हाताकडं बघितलं. डावाच हात होता. आठ महिने तो सहा बोटांचा हात रोज बघितला होता त्यांनी. त्यांना कळलं नसेल असं कोण म्हणेल? त्यांनी दौतीत टाक बुडवला अन् हाजिर लिहिलं. त्या साली कुणाच्या नावावर काट मारायला कुणी धजत नव्हतं, एवढंच.

तेव्हापासून सांडू नावाचं पोरगं उरलं नाही. ते घरी आल्या आल्या, शाळेतलं ऐकून, आईनं त्याला पुंजा म्हणून हाक मारली अन् भाकरी वाढली. दगडीनं एकदा चुकून सांडू म्हटलं तर आईनं कालथा फेकून मारला. पाच वर्षांचं पोर आठ वर्षांच्या पोरांत बसलं. ठेंगणं म्हणून सगळे टपला मारायचे. मग ते वाचत बसायला लागलं, अन् वाचता वाचता राज्यपाल झालं.

"आत्या," बद्रीनाथ म्हणाला, "पेन."

"बोट काढलं नव्हतं," दगडाबाई म्हणाली.

"म्हणजे?"

"ज्याला होतं त्याच्यासंगं गेलं."

अन् तिनं सांगितलं. आवाज चढवला नाही की उतरवला नाही. किराण्याची यादी सांगावी तसं सांगितलं. येवला, बाभळ, हाजिर. फहमिदा पेन्सिल खाली ठेवून ऐकत होती. बद्रीनाथ आधी उभा होता, मग ट्रंकेवर बसला.

"बाबांना हे ठाऊक होतं?"

"त्याचंच आयुष्य होतं, त्याला ठाऊक नसायला काय झालं?"

राजभवनातली गोष्ट. भावाचा कागदावरचा वाढदिवस होता, सकाळपासून गुच्छांचा ढीग पडला होता. दुपारी तो तिच्या खोलीत आला, बूट काढले अन् खाली सतरंजीवर मांडी घालून बसला. दारातला बिल्ल्यावाला शिपाई घाबरला, साहेब खाली बसले म्हणून.

"आक्का, त्याला किती झाली आज?"

"अडुसष्ट."

"अन् मला?"

"पासष्ट चालू हाय. पण तुझा वाढदिवस आज नाय. तुझा पोळ्याच्या आसपास."

तो हसला. मग म्हणाला, "कसा होता गं तो?"

"तुझ्यापेक्षा उंच. अन् ताटात भात ठेवत नव्हता."

तो बराच वेळ पायाच्या अंगठ्याशी खेळत बसला. "मला काहीच आठवत नाय त्याचं. सगळी परीक्षा, सगळी नोकरी त्याच्या नावावर केली. मी मेलो की लोक माझं लिहून ठेवतील आक्का, पानंच्या पानं. त्याचं कुठं काय लिवलंय?"

"कुठंच नाय."

"मी हाय तवर गप राहा," तो म्हणाला. "मी गेल्यावर तुझं तू बघ."

बाहेरून कुणी साहेब म्हणून बोलावलं, तसा तो बूट घालून गेला.

हे ऐकून बद्रीनाथचा चेहरा लाल झाला होता. "आत्या, याचा अर्थ कळतो का तुला? बाबांची मॅट्रिक, त्यांची नेमणूक, सगळं त्या तारखेवर उभं हाय. उद्या पेपरवाले लिहितील, राज्यपाल खोट्या नावाचा होता."

"नाव खोटं नव्हतं. दुसऱ्याचं होतं."

"एकच झालं ते!"

"तुला झालं असंल एकच. मला दोन भाऊ होते."

"पंचाहत्तर वर्षं झाली त्या पोराला जाऊन. आता त्याला काय फरक पडतोय?"

"त्याला नाय पडत. तुझ्या बापालाबी आता नाय पडत." तिनं झेरॉक्सवर हात ठेवला. "या येवढ्या ट्रंका भरून एकाचं लिवलंय. त्याचं हे येवढंच हाय, सहा बोटं. तेबी तू वैद्याकडून कापायला निघालास. अन् सही मला करायला सांगतोस."

बद्रीनाथनं कपाळाला हात लावला. मग आवाज मऊ केला, आजारी माणसाशी बोलतात तसा. "बरं. बरं, आत्या. तुझ्या मनात जे हाय ते सांग, फहमिदाबाई लिहून घेतील. मन मोकळं होऊ दे. मग आपण शांतपणानं ठरवू कोणता कागद ठेवायचा." फहमिदाकडं बघून त्यानं डोळ्यानं खूण केली, लिहा म्हणून. तेवढ्यात त्याचा फोन वाजला. दालनाच्या कंत्राटदाराचा होता. तो बोलत बोलत गॅलरीत गेला. काचेच्या रंगावरून त्याची घासाघीस चालली होती.

"सांगा आजी," फहमिदा म्हणाली. तिनं या खेपेला पेन्सिल नाही, पेन घेतला होता.

"लिव. मी दगडाबाई, कचरूची थोरली लेक. रजिस्टरात लिवलेला पुंजाराम माझा भाऊ. त्याच्या डाव्या हाताला सहा बोटं होती. येवल्याच्या छावणीत पटकीनं गेला, सात वर्षांचा होता. बाभळीखाली पुरला. ज्याला सगळे पुंजाराम म्हणून ओळखतात तोबी माझा भाऊ. त्याचं नाव सांडू. त्याला पाच बोटं होती." ती थांबली. "दोघंबी शाळेत हुशार होते, असं लिव."

फहमिदानं लिहिलं. मग सगळं एकदा वाचून दाखवलं. कागद फिरवून तिच्यापुढं ठेवला.

दगडाबाईनं पेन चिमटीत धरला. द काढला. ग काढला. डा काढताना जीभ ओठाबाहेर आली. मग पेन खाली ठेवला.

"आजी, पुढं 'बाई' राहिलं."

"येवढंच शिकवलं त्यानं. पुढं शाळा बंद झाली."

फहमिदानं दाराकडं बघितलं. गॅलरीत बद्रीनाथ कुणाला तरी सांगत होता, निळा नको, फिकट पिवळा. तिनं विचारलं, "पक्कं ना आजी? मग मला परत देता येणार नाही."

"पोरगी दिल्यावर मागत्यात का माघारी?"

फहमिदानं कागद उलटा केला. शिक्क्याची डबी उघडली, शिक्का शाईवर दाबला, कागदावर दाबला. नंबर घातला. लांब वही ओढून त्यात लिहिलं: प्राप्त कागद, बहिणीचे निवेदन, एक पान, स्वाक्षरीसह. अन् वहीवर फुंकर मारली.

बद्रीनाथ आत आला तेव्हा शाई वाळलेली होती.

"झालं का? दाखवा बरं." त्यानं हात पुढं केला.

फहमिदानं कागद दिला नाही. वही पुढं केली. "नोंद झाली, साहेब. वाचायला हवं तेव्हा दप्तरात या. करारावर तुमचीच सही आहे."

तो त्या ओळीकडं बघत राहिला. मग आत्याकडं. ती त्याच्याकडं बघत नव्हती, मागच्या दाराकडं बघत होती.

"दालनात लागणार नाही हा कागद," तो म्हणाला.

"दालनात काय लावायचं ते तुमच्या हातात आहे," फहमिदा म्हणाली. "दप्तरात राहील."

"आत्या, तू बाबांना..." तो ट्रंकेवर परत बसला. पन्नाशीचा माणूस, पण मूठ मांडीवर तशीच आवळलेली, लहानपणी शाळेत जायचं नाही म्हणून बसायचा तशी. दगडाबाईला वाटलं, आता याच्या डोक्यावरनं हात फिरवावा. हात उचलला गेला नाही. आपल्याला काही वाटतंय का, म्हणून तिनं आत चाचपून बघितलं. कणगीचा तळच लागला. तसाच, गार.

तेवढ्यात मागं तोटीनं खाकरल्यासारखा आवाज केला.

"पाणी आलं," ती म्हणाली अन् टेबलाला धरून उठली. दारात थांबली. "पोरी, नंबर काय पडला?"

"एक हजार चारशे सात."

"चौदाशे सात," दगडाबाई म्हणाली. "बद्रे, असा बसू नको. ड्रमात नळी सोड."

तो हलला नाही. तिनंही परत सांगितलं नाही. पहिलं पाणी गढूळ होतं, ते मोरीत जाऊ दिलं. मग तोटीखाली हंडा लावला. चौदाशे सात, चौदाशे सात, असं ती ओठातल्या ओठात म्हणत होती, विसरायला नको म्हणून. हंडा भरून वाहायला लागला. थोड्या वेळानं मागून चपलांचा आवाज आला, अन् बद्रीनाथनं तो भरलेला हंडा दोन्ही हातांनी उचलून बाजूला घेतला. तिनं दुसरा लावला.